कुरव

आमच्या खिडकीसमोर ठाण्याच्या जेलची भिंत.
हे टेबलाशी, किटलीच्या वाफेवर बाल्साची पट्टी धरून.
पहिलं विमान, म्हणे, कैदेतच आखलं गेलं :
रशियात, हँगरमध्ये कोंडलेले इंजिनिअर,
दाराशी पहारा,
आणि काही महिन्यांत ते उडालंसुद्धा.
सांगताना यांनी खिडकीकडे पाहिलं नाही.
मी पाहिलं.

मग चाइका. म्हणजे कुरव.
वरचा पंख मध्येच मोडून अंगाला भिडवलेला,
थंडीत खाडीवर येतात त्यांच्यासारखा.
वैमानिक कुरकुरले, पुढचं दिसत नाही.
तर पंख सरळ केला. दिसायला लागलं,
पण वजन वाढलं, वळताना जड जाऊ लागलं.
तर पुन्हा मोडला, चाकं पोटात घेतली,
आणि तोवर एकेरी पंखाची विमानं
धावपट्टीवर रांगेत उभी.

"अहो, मग कशाला एवढा आटापिटा?"
यांनी नुसता पॉलिशपेपर फिरवला.

वागळे इस्टेटीत कॉम्प्युटरचं मशीन
खोक्यातून काढत होते, त्याच आठवड्यात
यांनी पंपाचा सागवानी कोअरबॉक्स पुरा केला,
नख फिरवलं तरी सांधा लागू नये असा.
फाउंड्रीत तो गेलाच नाही.
आता त्यात आमचे कांदे-लसूण.

"शैला, इथे धर. गोंद वाळेस्तोवर."
धरलाय.
दोन बोटांत मोडका पंख, नाकाला खाज.
समोर टोल पडतात,
मोजणी सुरू.