मंगळवारी मतदान आहे

रविवारी घाट ओलांडून गावी आले,
बर्फ खरवडणाऱ्या गाडीच्या मागे मागे, तिच्याच चालीनं.
भावाला भेटायला, असं संसदेच्या कचेरीत सांगितलं होतं.
खरं तर कुंडात बसायला.

इकडे आइसलँडच्या या टोकाला
पुढाऱ्याला गाठायचं तर कुणी चिठ्ठी पाठवत नाही.
पोहण्याच्या तलावाला लागून गरम पाण्याचं कुंड आहे,
आठ माणसं मावतात, दाटीवाटीनं दहा.
केसांत हिम,
आणि गळ्याखाली सगळे सारखेच.

"मग? काय करणार मंगळवारी?"
आर्नफिनला हवापाण्यापासून सुरुवात करायची सवय नाही.

फ्योर्डमधली माशांची जाळी काढायची की ठेवायची, एवढाच ठराव.
मी त्या जाळ्यांखाली कॅमेरा सोडून पाहिलाय.
तळ दिसलाच नाही.
पांढरी बुरशी दिसली, वीतभर जाडीची.
नदीत सापडलेला एक रानमासाही पाहिलाय,
समुद्री उवांनी खाल्लेला,
तरी तोंड प्रवाहाच्या उलट.
त्या माशावर मी भाषण केलं होतं, निवडून येण्याआधी.
टाळ्या पडल्या होत्या.

मग मासे कापायचा कारखाना आला.
शाळेची बंद पडलेली तुकडी सुरू झाली, बेकरी उघडली,
भावानं घर बांधलं.
त्याच्या हप्त्यांना माझं भाषण पाठ नाही.

"तुला मत दिलं," आर्नफिन म्हणाला,
"ते परत मागत नाही.
पण बोट उसनी नेलीस तर
ती कुठल्या खडकावर घालतेस, हे विचारू ना?"

सिग्रुनबाई शाळेच्या सुरात म्हणाल्या,
"नुसतं आमचंच ऐकवायचं असतं
तर टेपरेकॉर्डर पाठवला असता.
जेवणभत्ता तरी वाचला असता."
सगळे हसले. मीही, जरा जास्तच.

तेवढ्यात बोझेना उतरली पाण्यात,
पाळी संपवून थेट, बोटं सुजलेली.
पोलंडहून आली त्याला सहा वर्षं झाली.
मतदारयादीत नाव नाही. तिला मत नाही.
तिचं मत मात्र होतं:
"मी तो मासा घरी शिजवत नाही.
पण माझा मुलगा आता झोपेत तुमच्या भाषेत बडबडतो.
त्याला घेऊन कुठं जाऊ?"

माझ्याकडे आकडे होते. नुकसानभरपाई, तीन वर्षांचा टप्पा.
वाफेत आकडे फार वेळ टिकत नाहीत.

मंगळवारी तीन बटणं समोर. हिरवं, लाल,
आणि पिवळं, ज्यांना काहीच म्हणायचं नाही त्यांच्यासाठी.
पिवळ्यावर मी कधी बोट ठेवलं नाही, याचा मला ताठा होता.
त्या दिवशी बोट तिथं गेलं,
तिथं थोडं थांबलं.
मग हिरवं दाबलं. जाळी काढा.

ठराव दोन मतांनी पडला.
जाळी तशीच आहेत, पाळ्या तशाच,
भावाचा फोन तेवढा आला नाही.

पुढच्या रविवारी कुंडापाशी उभी राहिले,
टॉवेल घट्ट धरून, उगाचच.
आर्नफिननं डोळे उघडले.
"आमच्याविरुद्ध गेलीस,
आणि वर हरलीस," तो म्हणाला.
"एक काहीतरी धड करायचंस."

बोझेना दिसत नव्हती. पाळी असेल तिची.
तो थोडा सरकला,
एक माणूस बसेल न बसेल एवढा.