सोमवार, संग्रहालय बंद

नोव्हेंबरात हिउमा बेटावर
दुपारी साडेतीनलाच दिवस गुंडाळून ठेवतात.
माझं कामच झालं. खिडकी आपोआप मिटली,
बाहेरचं लिंडनचं झाड काचेतून निघून गेलं.
उरलेल्यांना मी हाकलायचं.

काच सगळ्यांना आत घेते :
छतावरची नळी, पांढरी भिंत,
तिपाईच्या पायाची चकाकी,
कॅमेऱ्यावरचं कंपनीचं नाव, तेही उलटं,
आणि मी, नाकापासून सुरू होणारा.
नावावर काळी चिकटपट्टी, पायावर काळी चिकटपट्टी,
घड्याळ खिशात.
काळ्या मखमलीच्या पडद्याला मधोमध भोक,
भोकातून फक्त भिंग पुढे,
शेजाऱ्यांच्या दुधावर नजर ठेवून बसलेल्या बोक्यासारखं.

काचेपलीकडे एकच हातमोजा.
करड्या लोकरीचा, अंगठ्याशी झिजलेला.
सीलच्या शिकारीला बर्फावर गेलेल्या कुणाचा तरी.
जोडीतला दुसरा त्याच्याबरोबर राहिला.

"मनगटापाशी बघा, हिरवा धागा," हेल्वे म्हणाली.
एकोणीस वर्षं ती या खोलीची राखण करते,
खुर्ची तीच, कोपरा तोच.
"करडी लोकर संपली असणार. घरात हिरवी होती,
पोरीच्या टोपीची उसवलेली.
तेवढ्यावर भागवलं बिचारीनं."
शाळेच्या पोरांना हे सांगते,
जर्मन पाहुण्यांना हातवारे करून सांगते.
मी हं हं केलं. माझं लक्ष दिव्यांच्या कोनात.

दोन दिवे, दोन्हीकडून तिरपे.
पोलरायझर फिरवत गेलो,
शेवटचा पांढरा डागही मावळला.
राहिला फक्त दारावरचा दिवा :
बाहेरची वाट दाखवत पळणारा हिरवा माणूस.
त्याला बटण नाही.
बेटाची वीज गेली तरी तो पळतो. कायदाच तसा.

"थांबा."
गुडघ्यांना दोन शिव्या हासडत हेल्वे स्टुलावर चढली
आणि आपला काळा कोट,
आईच्या मयतासाठी शिवून घेतलेला,
दोन्ही हातांनी त्या दिव्यापुढे धरून उभी राहिली.

आठ सेकंद.
जमीन लाकडी, म्हणून श्वाससुद्धा नको.
आठ सेकंद काच नव्हतीच.
टाक्यामागे टाका,
एका जागी सुटलेला आणि मागाहून उचललेला,
लोकरीत अडकलेला एक राठ केस,
सीलचा की माणसाचा, देव जाणे.

ती खाली उतरली, स्क्रीनपाशी वाकली.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
मनगट करडं.
शेवटच्या ओळीपर्यंत करडंच.

यंत्र आहे शेवटी, रंग कधीकधी,
असलं काहीतरी मी पुटपुटलो.
ती ऐकत नव्हती.
दाराकडे बघत होती, मग काचेकडे, परत दाराकडे,
कॅरमची सोंगटी कुठे आपटून कुठे आली
ते मनात जुळवून बघावं तशी.

मग हसली. फार नाही.
"म्हणजे लोकर पुरली तिला," म्हणाली.
"मीच इतकी वर्षं तिला गरीब केलं."

सहाच्या बोटीसाठी मी सामान आवरलं.
पडदा काढला, आणि काच पुन्हा
येईल त्याला आत घेऊ लागली.
भिंत आली, नळी आली,
मी आलो, हातात वायरींचं भेंडोळं,
मनगटावर हिरवा उगवला, जसाच्या तसा.
खरं सांगायचं तर शोभत होता.

दारात विचारलं : उद्या पोरांना काय सांगणार?
ती किल्ल्या चाचपत होती,
चुकीची लावली, बदलली.
"त्यांच्यात एक उंच पोरगा आहे," म्हणाली,
आणि कोटाच्या गुंड्या लावत बसली,
खालून वर, एकेक.