अंगठा उमटत नाही

तोतोनिकापानच्या बँकेबाहेर सकाळी सातपासून रांग.
साठ-सत्तर इयोम, म्हणजे आमच्याकडच्या सुइणी,
कमरेला विणलेले पट्टे, पायात प्लॅस्टिकच्या चपला,
एकीच्या टोपलीत जाताजाता विकायची अंडी.
कायदा झालाय म्हणे. सरकार वर्षातून एकदा पैसे देणार.
रेडिओनं सांगितलं तेव्हा आजी मका सोलत होती.
"कुणाचं सरकार?" एवढंच विचारलं तिनं.

मी तिची दुभाषी. तिला किचे येते, खिडकीला स्पॅनिश.
ओळखपत्रावर व्यवसायापुढे लिहिलंय: घरकाम.
एकेचाळीस वर्षं रात्री-अपरात्री दार वाजतंय
आणि ती कात्री, दोरा, कंदील घेऊन निघते
घरकामाला.

बाळंतपणं किती केलीत, खिडकी विचारते.
आजी डोळे मिटते. ती आकड्यांनी नाही, वाटांनी मोजते:
पुलाच्या अलीकडे सहा, चुनाभट्टीपाशी दोन,
ती पायाळू पोर, जिचा बाप डोंगरात गेला तो गेलाच,
लष्कराच्या वर्षात एक, तळघरात,
आईच्या तोंडात फडकं कोंबून.
मग हळूच मला: "मेलेली धरायची का गं?"
मी विचारते. खिडकी म्हणते, फक्त जिवंत.
"तिला सांग, जिवंत आपापली मोजदाद करतात.
मेलेली माझ्याकडे आहेत."
मी हे सांगितलं नाही. सहाशे लिहा, म्हटलं.

आजवर काय मिळालं, असा रकानाच नाही.
असता तर: एक लंगडी कोंबडी, सरपणाच्या दोन मोळ्या,
अर्धं पोतं मका, तोही किडका,
आणि "पुढच्या महिन्यात देतो."

मग यंत्र. अंगठा ठेवा.
उमटत नाही.
पुसून ठेवा. नाही. दुसरा. तोही नाही.
आडवी बाळं वळवून, पोटांना तेल चोळून,
न्हाणीच्या वाफेत बाळंतिणींची अंगं शेकून
रेषा कधीच झिजून गेल्यात.
पोरगी यंत्राला चापट मारते. मॅनेजर येतो.
मागून कुणी म्हणतं, माझाही नाही उमटायचा,
आणि रांगभर हसू पसरत जातं.

शेवटी उमटली करंगळी.
जन्मल्याबरोबर बाळाच्या तोंडातला चिकटा काढायला
ती वापरते, ती. नख कायम कापलेलं.

नोटा तिनं दोनदा मोजल्या.
"महिन्याचे?"
"वर्षाचे, आजी."
"आणि आधीची एकेचाळीस?"
मी काचेकडे पाहिलं. काचेत आम्ही दोघीच.

तिसऱ्या रात्री दार वाजलं. पास्क्वालाची सून अडलेली,
बाळाचा हात आधी आलेला.
पिकअपमधून इस्पितळ गाठलं.
आजीनं गळ्यातलं नवंकोरं कार्ड पुढं केलं.
रखवालदारानं बॅटरी मारून सावकाश वाचलं,
फोटो पाहिला, तिला पाहिलं,
शिक्का खरा आहे म्हणाला,
आणि बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं:
नातेवाइकांनी तिथं बसायचं.

ती बसली नाही.
गजांतून हात आत घालून उभी राहिली
आणि स्ट्रेचर वळणाआड जाईपर्यंत
आपल्या भाषेत ओरडत राहिली:
जोर लावू नकोस पोरी, श्वास सोड,
अजून नाही,
अजून नाही.