मधलं नाव

उकंडा खाती वखराला पास बसवण्याआधी
गिऱ्हाइकाला उन्हातच उभं करतो.
"वावर कोणतं बे तुहं? काळं का बरड?
बैल सारखे हायेत का दोन्ही?"

माझी स्क्रिप्टही तशीच.
कंपायलर बांधायच्या आधी
सगळं घर हिंडून येते.
लिंकर आहे का. आहे.
पत्ता किती बिटांचा. चौसष्ट.
आकडा कोणत्या टोकाकडून मांडतात इथे.
धाकट्या.
भोवतालचं डोकं ठिकाणावर आहे का,
हेही विचारते,
आणि स्वतःच म्हणते, आहे.
मी खिडकीबाहेर पाहते.
फाट्यावर बंद पडलेल्या एसटीच्या सावलीत
अकरा बकऱ्या आणि कंडक्टर.
बरं. आहे म्हणू.

विंडोजला तिरक्या रेघा उलट्या लागतात,
मॅकवर लायब्ररीची शेपटी वेगळी,
बीएसडीला नुसत्या मेकनं भागत नाही,
जीमेक म्हणून हाक मारावी लागते.
एआरएमचा बोर्ड माझ्याकडे नाहीच.
त्याच्यासाठी इथे बसून बांधायचं,
मामी नमुन्याच्या ब्लाऊजवरून शिवते तसं,
न पाहिलेल्या अंगाचं.
कधी बाही चुकते.

काल चुकली.
त्या बोर्डाला विचारायचा प्रश्न
एका ओळीत मी माझ्याच मशीनला विचारला,
आणि तिनं बिनदिक्कत उत्तर दिलं.
सापडेपर्यंत रात्रीचे अकरा.
तेवढ्यात थ्री-फेज आली,
शिवारभर मोटारी लागल्या,
बल्ब हळदीसारखा झाला
आणि एकोणऐंशी टक्क्यांवर सगळं काळं.

आज पुन्हा पहिल्यापासून.

मशीनची नावंही आपल्यासारखी तिपदरी.
आधी प्रोसेसर,
मग कुणी घडवलं ते,
शेवटी कोणत्या घरात नांदते.
मधल्या जागी बहुतेकींच्या
लिहिलेलं असतं: अनोळखी.

शाळेत नाव घालताना
ढोबळे गुरुजींचा पेन मधल्या रकान्यावर थांबला.
"लिवा नं पुढचं," आई म्हणाली.
"असं कसं लिहू, बाई?"
"काहून? पोट्टी त हाये नं समोर."
भिंतीवर पंख्याची सावली नव्हती,
कारण पंखा नव्हता.
गुरुजींच्या कपाळावरचा घाम
कागदावर पडेल की काय
एवढंच मी बघत होते.

स्क्रिप्ट थांबत नाही.
अनोळखी, असं वाचते,
आणि पुढचं विचारते:
पूर्णांक किती बाइटांचा.

चार.