तीन टाके

बकऱ्याला सुरी दिसू नये
म्हणून तौसीफनं ती पाठीमागं धरली
आणि स्वतःच विसरला.

गफूरमामू त्याला शेलूबाजारच्या दवाखान्यात घेऊन आले.
अंगठ्याला ईदचा नवा रुमाल,
अत्तराचा वास,
आतून लाल.
"सिस्टर, यंदा पयल्यांदा हाती देल्ली होती.
धार मीच लावली.
चांगली लागली."

धनुर्वाताचं इंजेक्शन म्हटल्यावर
पोट्टं पांढरं पडलं.
मी सुई ट्रेआड सरकवली,
त्याला गावातल्या आंब्यांचं विचारलं.

मामू बाहेर नळाखाली
कोपरापर्यंत हात धुतायत, परत धुतायत.
खिडकीतून विचारतात,
खड्ड्यात चुना किती टाकू?
मागच्या साली कुत्र्यांनी उकरलं होतं.
दोन घमेली, मी म्हणते,
आणि कंबरभर खोल.

"झालं?" तौसीफ डोळे मिटूनच विचारतो.
तिसरा टाका अजून
माझ्या हातात आहे.