पान एकशे त्रेचाळीस

ब्लफच्या बंदरावर कालवं फोडते मी,
सव्वीस हंगाम झाले.
डझनावर पैसे.
सुरी बिजागरीत सरकवायची, मनगट वळवायचं,
शिंपला आधी कुरकुरतो, मग देतो.
हातावर पोट, आणि त्या हाताला
साबणानं न जाणारा समुद्र.

कादंबरी मात्र डझनानं जात नाही.

हंगाम सरला की सप्टेंबरात लिहायला बसायचे,
स्वयंपाकघरात, हीटर पायाशी ओढून.
तीन प्रकाशकांनी साभार परत केली,
तेव्हा मीच छापली.
मुखपृष्ठावर टामातीची बोट,
आणि कोपऱ्यात, फोटो काढताना आलेलं,
टामातीचं बोट.
ते पुसायचे चाळीस डॉलर सांगितले. राहू दे म्हटलं.

महिनाअखेर बँकेत येते ती रॉयल्टी.
शब्द कसा, अंबारीतून उतरल्यासारखा!
रक्कम चार डॉलर वीस.
शेडमधल्या बायका विचारतात,
काय गं लेखिकाबाई, बंगला कधी?
मी म्हणते, पायरी झाली, दाराचं बघतेय.
चार वीसमध्ये बेकरीतला एक चीज रोल येतो,
वरून लोणी लावलेला.
वाऱ्याकडे पाठ करून मी तो उभ्यानं खाते,
आणि हा घास लिहून मिळवलाय
हे दर वेळी गिळताना नव्यानं कळतं.

हिशेबाच्या कागदावर वाचकाचं नाव नसतं,
फक्त देश.
कॅनडा एक. कधी पोर्तुगाल एक.
आणि न्यूझीलंड एक,
दर महिन्याला, भरतीच्या वेळापत्रकासारखं.
त्या एकाला मी चेहरा दिला होता:
डनीडिनचा विधुर, घड्याळं दुरुस्त करणारा,
एक प्रत वाचून झिजली की दुसरी मागवणारा.
त्याच्यासाठी दुसरं पुस्तक सुरू केलं.
त्याला बरं वाटावं म्हणून
पहिल्याच प्रकरणात एक बंद घड्याळ ठेवलं.

मे महिन्यात गोअरला माझी बहीण गेली. नायरी.
जूनच्या कागदावर न्यूझीलंड नव्हतं.

तिचं कपाट आवरायला गेले तर
स्वेटरांच्या मागे खाकी पुठ्ठ्याची पाकिटं,
चिकटपट्टीसकट मिटलेली.
सुरी पर्समध्ये असतेच.
बिजागरी शोधावी तशी कड शोधली.
आत मी. दुसऱ्यात मी. तिसऱ्यातही.
दीड डझन.

चोवीस डॉलर मोजत होती बाई,
त्यातले दोन डॉलर दहा
माझ्यापर्यंत पोचावेत म्हणून.
सरळ हातात ठेवले असते
तर मी तिच्या अंगावर फेकले असते,
हे तिला पक्कं ठाऊक.
घड्याळवाला त्या दुपारी वारला.
जमिनीवर बसून मी आधी त्याच्यासाठी रडले,
तिच्यासाठी नंतर.
खोटं कशाला बोलू.

एकोणिसावी प्रत पलंगाखाली होती,
पानं फुगलेली, पाठीवर चहाचं वर्तुळ.
पान एकशे त्रेचाळीस, समासात, शिसपेन्सिलीनं:
आईचा कोट निळा नव्हता. हिरवा होता.
तू लहान होतीस.
बाकी अक्षर नाही.
चांगलं आहे नाही, वाईट आहे नाही.

आपलं आपण छापण्यात एवढं एक सुख,
कुणाला विचारावं लागत नाही.
त्याच रात्री निळा खोडला, हिरवा लिहिला.
मग जिथं जिथं समुद्राला मी
त्या कोटाची उपमा दिली होती
ती तीन वाक्यंही हलवावी लागली.
आणि बघा, आमच्या सामुद्रधुनीचं पाणी
हिरवंच असतं.
सव्वीस वर्षं त्याच्या काठाशी उभी आहे मी,
आणि निळं लिहून बसले होते.

जुलैचा कागद आला. पोर्तुगाल एक.
दोन डॉलर दहा.
तिकडे कुणीतरी हिरवा कोट वाचत असेल,
मागची गोष्ट त्याला ठाऊक नाही,
असायचं कारणही नाही.
चीज रोलला पैसे कमी पडले.
उरलेले पदरचे घातले.