दहापैकी किती

बारशाला तीन दिवस होते.
खाटेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा,
विडी घरकुलाच्या पत्र्यावर एप्रिल,
आणि मला थंडी वाजत होती.

अत्तम्मा म्हणाली, दूध उतरतंय, त्याचा ताप.
कंबर म्हणाले तर म्हणाली, नडुमु नोप्पी कुणाला चुकलीय?
मी पाचव्या दिवशी पानं कातरायला बसले होते.

मालिश करणाऱ्या यल्लूबाईने अंगठा रोवला
डावीकडे, जिथे पाठ संपते आणि बसणं सुरू होतं,
आणि मी अशी ओरडले
की शेजारच्या घरातली कात्री थांबली.
यल्लूबाईने हात काढून घेतला.
पैसे नको म्हणाली.
तेव्हाच कळायला हवं होतं.

रात्री कूस बदलायची म्हणजे
आधी दात, मग खाटेची दोरी, मग पुन्हा दात.
पोरगी दोन हातांवर रडत असायची
आणि मी मनात हिशेब करायचे,
तिच्यापर्यंत पोचायला किती किंकाळ्या लागतील.

सगळ्यांकडे एकेक आरोपी होता.
कुणाचं गार पाणी, कुणाची मी खाल्लेली काकडी.
मोठी जाऊ तर पाठीतल्या इंजेक्शनला दोष देई,
जे मला दिलंच नव्हतं.

तेराव्या दिवशी डावा पाय जमिनीला लागेना.
अंबादासने लूम बंद केला, रिक्षा आणली.

सिव्हिलात बिराजदार नावाची डॉक्टर,
माझ्याहून लहानच असेल,
म्हणाली, दहापैकी किती दुखतं?
मी दिवसाला हजार विड्या वळते, बाई.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे.
दहापर्यंतचं मोजणं मला येत नाही.
ती हसली नाही.
माझा डावा पाय तिने उजव्या गुडघ्यावर ठेवला,
मांडी घालताना असतो तसाच,
आणि गुडघा हळूच खाली दाबला.

सात वर्षांची असल्यापासून मी अशी बसत आलेय.
त्या दिवशी मांडीच माझ्यावर उठली.

इथे एक सांधा असतो, ती म्हणाली,
एरवी फारसा हलत नाही,
बाळाला वाट द्यायला थोडा सैल होतो.
मनगट मला ठाऊक, बोटांची पेरं तर एकेक ठाऊक.
हा मात्र आत बसून जन्मभर मला तोलत होता
आणि ओळख झाली ती त्यात पू धरल्यावर.
जंतू गेला कुठून?
टाक्यांतून, रक्तातून. दरवेळी कळतंच असं नाही.
घरी एवढे आरोपी, आणि शिकलेल्या बाईला एकही सापडेना,
याचंच मला बरं वाटलं.

घरी नडुमु, सिव्हिलात कंबर,
कागदावर इंग्रजीत एक लांबलचक नाव.
अंबादासने ते तीनदा वाचलं
आणि कागदाची घडी घातली,
टॉवेलाची घालतो तशी, काठाला काठ लावून.

हाडाच्या फटीत सुई. थोडासा पिवळा थेंब.
मग सहा आठवडे औषध, निम्मे शिरेतून.
पाजू का, मी विचारलं.
पाजा, हे औषध चालतं.
पोरगी उजव्या कुशीत आली.
बारसं राहिलंच.
केसपेपरवर ती अजून ‘येमूल यांची मुलगी’.

आता सूप मांडीवर घेते, डावीकडे उशी.
चार कट्टे झाले की उठायचं,
भिंत धरून मोरीपर्यंत जाऊन यायचं.
काल पहिल्यांदा हजार भरल्या.
कारखान्यात चेकरने साठ छाटल्या,
वळण सैल आहे म्हणे.
सैल!
मी भांडायला उभी राहिले.
अर्ध्या भांडणात ध्यानात आलं,
सगळा भार डाव्या पायावर आहे.

साठातल्या वीस परत मिळवल्या.